फी माफ झाली, महिन्याचं काय?

बी. एस्सी.चा निकाल लागला की नाशिकमधल्या अंबड आणि सिडकोतल्या मुलांसमोर दोन रस्ते असतात. एक कॉलेज रोडवरच्या एचपीटी-आरवायके महाविद्यालयाकडे किंवा गंगापूर रोडवरच्या केटीएचएमकडे जातो, एम. एस्सी.ला. दुसरा घरापासून दहा-पंधरा मिनिटांवरच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्या तरी कंपनीच्या गेटपाशी थांबतो. केमिस्ट्री घेतलेल्याला तिथे क्वालिटीत, लॅबमध्ये, कधी प्रॉडक्शनवर काम मिळतं. शिकाऊ उमेदवार म्हणून लागला तरी 2019च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान 9,000 रुपये विद्यावेतन ठरवलं. 2024 साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, त्यात पदवीधराला प्रशिक्षणाच्या काळात महिन्याला 10,000 रुपये ठरवले गेले.

आता पहिल्या रस्त्यावर काय मिळतं ते बघा. अनुसूचित जातीतला मुलगा घरी राहून एम. एस्सी. करत असेल, घरचं उत्पन्न मर्यादेत असेल आणि सगळे कागद जागेवर असतील, तर केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत त्याला फीशिवाय निर्वाह भत्ता मिळतो तो वर्षाला 3,000 रुपये, म्हणजे महिन्याला 250.

या दोन आकड्यांमधल्या दरीत किती मुलं पदव्युत्तर शिक्षण सोडून देतात याचा विचार आपण फारसा करत नाही, कारण शिष्यवृत्ती म्हटलं की डोळ्यांसमोर फी येते. फी महत्त्वाची आहेच. पण कमावत्या वयाचं मूल दोन वर्षं कमवत नाही, हा घराला पडणारा खरा खर्च असतो. बहीण लग्नाची आहे, सिडकोच्या घराचा हप्ता चालू आहे, वडिलांची कंपनी कधी ब्रेक देईल सांगता येत नाही, अशा घरात पोराने आणखी दोन वर्षं शिकायचं ठरवलं तर आई-वडिलांचा प्रश्न एकच असतो: महिन्याचं काय? माझं म्हणणं एवढंच आहे की पदव्युत्तर शिष्यवृत्तीने याच प्रश्नाचं उत्तर दिलं पाहिजे, आणि आजच्या बहुतेक योजना ते देत नाहीत.

हे उत्तर पूर्वी कुणी दिलंच नव्हतं असंही नाही. पेशवाईत पुण्याला श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. 1818नंतर इंग्रजांनी ती एकदम बंद न करता हळूहळू शिक्षणाकडे वळवली. 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती त्याच पैशातून. पुढे मुंबई विद्यापीठ आल्यावर त्याच निधीतून ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे 1862 साली बी. ए. झाले, आणि आपलं उच्च शिक्षण त्यांनी दक्षिणा फेलो म्हणून केलं. सुरुवातीला महिन्याला 60 रुपये, नंतर 120. बदल्यात खालच्या वर्गांना शिकवायचं. एका विशिष्ट जातीच्या पंडितांसाठी असलेला पैसा आधुनिक विद्यापीठाच्या शिक्षणाकडे वळला, हे या गोष्टीतलं एक महत्त्व. त्याचं रूप दरमहा रकमेचं होतं, हे दुसरं. एम. ए. आणि कायदा शिकणाऱ्या तरुणाने घर कसं चालवायचं, याचा विचार त्या व्यवस्थेत होता. रानडे पुढे न्यायमूर्ती झाले आणि महाराष्ट्राच्या अर्थकारणावर, समाजकारणावर त्यांची छाप पडली, त्यामागे ही काही वर्षांची निश्चिंती होती असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण नाशिक जिल्ह्याशी थेट जोडलेलं आहे. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावात 1863 साली शेतकरी घरात जन्मलेला गोपाळ नावाचा मुलगा 1875 साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. या सयाजीरावांनी भीमराव आंबेडकरांना आधी मुंबईत बी. ए.साठी मदत केली आणि 1913 साली अमेरिकेला पाठवलं. अटी स्पष्ट होत्या: तीन वर्षं, महिन्याला साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. करार 4 जून 1913चा.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांनी 1915 साली एम. ए. केलं. तिथल्या काळात अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र असे विषय घेत ते वर्गातून वर्गात फिरत होते. संशोधनाचा मोठा प्रबंध पुढचा होता. आधीची भूक वेगवेगळ्या प्राध्यापकांच्या तासांना बसून वाचण्याची होती. आज आपण ज्याला अभ्यासक्रमाधारित पदव्युत्तर पदवी म्हणतो, तशा शिक्षणावर एका संस्थानाने तीन वर्षं दरमहा पैसे खर्च केले. त्या साडेअकरा पौंडांतून काटकसर करून आंबेडकर काही रक्कम घरी पाठवत. वडील 1913च्या फेब्रुवारीत वारले होते आणि मागे संसार होता. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या नावाने निघते, पण तिच्यावर घर उभं असतं, हे त्यात दिसतं.

नाशिकमध्येही ही जाण होती. 1914 साली मराठा विद्या प्रसारक समाज उभा राहिला आणि उदोजी मराठा बोर्डिंगमध्ये खेड्यांतली मुलं राहू लागली. 1920 साली राजर्षी शाहू महाराज नाशिकला आले तेव्हा त्या वसतिगृहाच्या इमारतीची कोनशिला त्यांच्या हस्ते बसली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांवर एवढा भर दिला तो मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय झाल्याशिवाय फुकट शाळेलाही अर्थ नाही, हे ओळखून. आज सिडकोत उत्तमनगरला याच मराठा विद्या प्रसारक समाजाचं कर्मवीर शांतारामबापू कोंडाजी वावरे महाविद्यालय आहे आणि अंबडच्या कामगारांची कितीतरी मुलं तिथेच पदवी घेतात.

स्वातंत्र्यानंतर योजना वाढल्या, पैसा वाढला, पण हळूहळू सगळा भर फीच्या परताव्यावर आला. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती स्वातंत्र्याआधीची, 1944ची. यशवंतराव चव्हाणांच्या काळात कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना ईबीसी सवलत मिळू लागली आणि ‘बाराशेच्या आत उत्पन्न’ हा शब्दप्रयोग एका पिढीच्या तोंडी बसला. त्या सवलतीने बहुजन समाजातली हजारो मुलं कॉलेजात आली, यात शंका नाही. त्या काळी कॉलेज म्हणजे बहुतेक अनुदानित कॉलेज होतं आणि पदवी घेतली की सरकारी नोकरीची आशा होती. आज पदव्युत्तर वर्गांच्या बऱ्याच तुकड्या विनाअनुदानित आहेत. पदवी झालेल्या मुलाला बाजारात लगेच काही ना काही पैसे मिळतात. त्यामुळे हिशेबच बदलला आहे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीकडे परत येऊ, कारण अंबडमधल्या अनेक घरांचा तोच मुख्य आधार आहे. डिसेंबर 2020मध्ये केंद्र सरकारने या योजनेसाठी पाच वर्षांत 59,048 कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला. त्यातला 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्यांचा. फीचा परतावा पूर्ण असतो आणि वर निर्वाह भत्ता. हा भत्ता अभ्यासक्रमाच्या गटावर ठरतो. पहिल्या गटात पदवी आणि पदव्युत्तर पातळीवरचे व्यावसायिक अभ्यासक्रम येतात. तिथे वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला 13,500 आणि घरून येणाऱ्याला 7,000 रुपये मिळतात. एम. ए., एम. कॉम., एम. एस्सी. तिसऱ्या गटात येतात. तिथे हेच आकडे 6,000 आणि 3,000 होतात. एम. एस्सी.ची मुलगी रोज अंबडहून बसने गंगापूर रोडला जाते, प्रॅक्टिकलला संध्याकाळपर्यंत थांबते, डबा घरून नेते. तिचा खर्च अभियांत्रिकीच्या मुलीपेक्षा निम्म्याहून कमी कसा, याचं उत्तर या तक्त्यात नाही.

शिवाय उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. दहा वर्षांहून अधिक काळ ती तिथेच आहे. अडीच लाखाला बारानी भागलं की महिन्याला 20,833 रुपये होतात. वडिलांना कंत्राटी कामाचे 15,000 मिळत असतील आणि आई एखाद्या युनिटमध्ये पॅकिंगला जाऊन 8,000 आणत असेल, तर वर्षाचे 2,76,000 होतात आणि घर मर्यादेबाहेर जातं. आईने घरी बसलं असतं तर शिष्यवृत्ती मिळाली असती! महाराष्ट्रात अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘फ्रीशिप’ आहे, म्हणजे अडीच लाखांवर उत्पन्न असलं तरी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क भरलं जातं. निर्वाह भत्ता मात्र नाही. ओबीसी विद्यार्थ्यांना आठ लाखांच्या आत, अभ्यासक्रमानुसार निम्मी किंवा पूर्ण फी मिळते. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आतल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. या सगळ्यांत हातात पडणारी महिन्याची रक्कम शोधायला गेलं तर फारसं काही सापडत नाही.

महिन्याचा खर्च भागवणाऱ्या योजना राज्याने काढल्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. अनुसूचित जातींसाठी 2016-17पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर जेवण, भाडं आणि निर्वाहासाठी थेट खात्यात पैसे येतात. स्वाधारमध्ये मुंबई-पुण्याला वर्षाला 60,000 आणि नाशिकसारख्या महसूल विभागाच्या शहरात 51,000 रुपये. त्र्यंबक किंवा सुरगाण्याहून नाशिकला शिकायला आलेल्या मुलाला याचा मोठा आधार होतो.

पण ही रक्कम गाव सोडून आलेल्यांसाठी आहे. ज्या शहरात कॉलेज, त्याच शहराचा रहिवासी असाल तर पात्र नाही. अंबड नाशिक महापालिकेत येतं. म्हणून ज्याचे वडील तीस वर्षांपूर्वी धुळ्याहून किंवा सटाण्याहून कामाला येऊन सिडकोत स्थिरावले, ते मूल आता ‘स्थानिक’ ठरतं. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात आणि त्यात एम. एस्सी.चा अभ्यास करायचा असतो, तरी कागदावर त्याची सोय झालेली असते. पहिल्या पिढीने घर मिळवलं म्हणून दुसऱ्या पिढीचा भत्ता गेला, असा हा पेच आहे.

8 जुलै 2024च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ झाली. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश हवा आणि खाजगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ नसावं, या अटी आहेत. एमबीए, एमसीए, एम. फार्म. करणाऱ्या मुलींना त्याचा मोठा फायदा झाला. अंबडच्या घरांत आज ‘पोरीला एमबीए करू या’ हे वाक्य ऐकू येतं त्यामागे हा निर्णय आहे. मराठी, अर्थशास्त्र, रसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलगी मात्र या निर्णयात नाही. शिक्षिका, प्राध्यापिका, संशोधक याच वाटेने घडतात, हे लक्षात घेतलं तर ही उणीव बोचते.

आता दरमहा पैसे देणाऱ्या वाटा. त्या आहेत, पण बऱ्याच ठिकाणी दार आधीच उघडावं लागतं. केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञान शिकणाऱ्याला वर्षाला 80,000 रुपये देते. त्यातले 60,000 हातात आणि 20,000 उन्हाळ्यातल्या संशोधन प्रकल्पासाठी. ती एम. एस्सी.पर्यंत, पाच वर्षं चालू शकते. पण निवड बारावीच्या गुणांवर, बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यातून. बी. एस्सी. झाल्यावर कळलं तर उपयोग नाही. केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती, जी आता पीएम-यूएसपी नावाने ओळखली जाते, पदवीला वर्षाला 12,000 आणि पदव्युत्तरला 20,000 देते. तिचाही अर्ज बारावीनंतरच करायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करत न्यायचं. बारावीच्या निकालाच्या दिवशी पेढे वाटताना ही दोन नावं घरात कुणाला तरी माहीत असली पाहिजेत. अंबडमधल्या क्लासेसच्या फलकांवर जेईई आणि नीटचे आकडे झळकतात, तिथे या योजनांची नावं लिहायला फार जागा लागणार नाही.

पदवीनंतर उघडणारं सर्वांत मोठं दार 2023-24पासूनचं आहे: विद्यापीठ अनुदान आयोगाची पदव्युत्तर शिक्षणासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती. एकुलत्या एका मुलीसाठी, विद्यापीठात पहिल्या आलेल्यांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यावसायिक विद्यार्थ्यांसाठी पूर्वी ज्या वेगवेगळ्या योजना होत्या, त्या एकत्र करून ती काढली. महिन्याला 15,000 रुपये, वर्षातले दहा महिने, दोन वर्षं, म्हणजे एकूण तीन लाख. निवड पदवीच्या गुणांवर. वयाची मर्यादा 30, तीस टक्के जागा मुलींसाठी, आणि कला, वाणिज्य, विज्ञान सगळ्या शाखांना खुली. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, एम. ए. किंवा एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतल्याबरोबर करायचा. पण देशभरातून जागा 10,000. एवढ्या मोठ्या देशाला त्या अपुऱ्या आहेत, तरी रचना बरोबर आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला महिन्याचे पैसे लागतात, हे एका सरकारी योजनेने मान्य केलं आहे.

अभियांत्रिकीत ही मान्यता आधीपासून होती. गेट परीक्षा उत्तीर्ण होऊन एआयसीटीई-मान्य महाविद्यालयात पूर्णवेळ एम. ई. किंवा एम. टेक. करणाऱ्याला महिन्याला 12,400 रुपये 24 महिने मिळतात, आणि फार्मसीत जीपॅट झालेल्यालाही. त्याने आठवड्याला आठ ते दहा तास अध्यापनात किंवा प्रयोगशाळेत मदत करायची. दक्षिणा फेलोची व्यवस्था अशीच होती. पुढे पीएच. डी.ला गेलं तर जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची, रक्कम जानेवारी 2023पासून महिन्याला 37,000 आहे. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थाही पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. संशोधनाला पैसे मिळतात आणि मिळायलाच हवेत. पण जिथे जायला एम. एस्सी.चा पूल ओलांडावा लागतो, त्या पुलावरच गरीब घरची मुलं मागे राहतात. मग पीएच. डी.ची अधिछात्रवृत्ती ज्यांना मिळते ती मुलं कुठल्या घरांतून आलेली असतील, याचा अंदाज करता येतो.

अंबडच्या पालकांसाठी आणखी काही दारं आहेत आणि ती त्यांच्याच पगाराच्या स्लिपवर दिसतात. जून आणि डिसेंबरच्या पगारात ‘एलडब्ल्यूएफ’ नावाने एक छोटी कपात असते. 2024च्या सुधारणेनंतर कामगाराचे 25 आणि मालकाचे 75 रुपये. हा पैसा महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाकडे जातो. मंडळ 1953च्या कायद्याने उभं राहिलं आणि कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती, पुस्तकांसाठी सहाय्य, परदेशी शिक्षणाला मदत देतं. रक्कम काही हजारांत असते. तरीही पुस्तकं, प्रवास आणि परीक्षेची फी निघते. अनेक कामगार वर्षानुवर्षं ही कपात देतात आणि केंद्रावर कधी अर्ज भरत नाहीत. कपात झाली आहे याचा पुरावा म्हणून स्लिप जपून ठेवायची, एवढं तरी प्रत्येक घरात व्हावं.

वडील गवंडी, सेंट्रिंग, प्लंबिंगच्या कामावर असतील आणि बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी चालू असेल, तर पहिल्या दोन मुलांना पदवीसाठी वर्षाला 20,000 आणि पदव्युत्तर पदविकेला 25,000 रुपये मिळू शकतात. सिन्नरसारख्या विडी कामगारांच्या गावातून कुणी शिकायला येत असेल, तर केंद्रीय कामगार कल्याण संघटनेची शिष्यवृत्ती राष्ट्रीय पोर्टलवर आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला ती 25,000पर्यंत जाते. अशा अनेक योजनांत एक अट असते: एका वेळी एकच शिष्यवृत्ती. त्यामुळे आधी कुठली मोठी आहे ते बघून अर्ज करावा.

पैसा मंजूर होणं आणि तो खात्यात पडणं यांच्यामध्ये महाडीबीटी आहे. राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्या 2017-18पासून या एकाच पोर्टलवर आल्या. त्याआधी कॉलेजच्या खात्यात पैसे जात आणि विद्यार्थ्याला बऱ्याचदा ठाऊकही नसे. आता पारदर्शकता आली, पण जबाबदारी विद्यार्थ्यावर आली. आधारच्या ओटीपीने प्रोफाइल भरायचं, त्यात अभ्यासक्रम, मागचं शिक्षण, वसतिगृहाची माहिती. मग योजना निवडायची आणि कागद जोडायचे: उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला, अधिवास, जातीचं प्रमाणपत्र, गुणपत्रिका, प्रवेशाची पावती. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. अर्ज आधी कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनमध्ये पडताळला जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग जिल्ह्याच्या समाजकल्याण किंवा संबंधित खात्याकडे. काही चुकलं तर ‘सेंड बॅक’ येतो, आणि तो आलेला आहे हे पाहायला विद्यार्थ्याने स्वतः लॉगिन करावं लागतं. मोबाइल नंबर बदललेला असेल तर मेसेजही मिळत नाही. मंजुरीनंतर राज्याच्या योजनेत व्हाउचर तयार होतं आणि ते विद्यार्थ्याने ‘रिडीम’ केलं तरच पैसे निघतात.

सर्वांत जास्त अडतं ते आधार सीडिंगवर. खात्याला आधार नंबर जोडलेला असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या (राष्ट्रीय देयक निगमाच्या) यादीत ते खातं ‘सक्रिय’ असणं वेगळं. पैसे शेवटी सीड केलेल्या खात्यावर जातात. मुलाचं खातं कॉलेजच्या बँकेत, पण सीडिंग गावाकडे कधीतरी उघडलेल्या दुसऱ्या बँकेत, असं झालं की शिष्यवृत्ती ‘जमा’ दिसते आणि मुलगा शोधत बसतो. दुसऱ्या वर्षी नवा अर्ज न भरता नूतनीकरण करायचं असतं, हेही अनेकांकडून निसटतं. बँकेत जाऊन एक फॉर्म भरला की सीडिंग बदलतं. अर्ज सुरू होण्याआधी, उन्हाळ्यातच हे करून घ्यावं.

परदेशी मास्टर्सचा विचार करणाऱ्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55पासून आहे, आज वर्षाला 125 जागा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे. खाजगी क्षेत्रात जमशेटजी टाटांनी 1892 साली सुरू केलेली कर्ज-शिष्यवृत्ती अजून चालू आहे. ज्या महिंद्राच्या गाड्या नाशिकमध्ये तयार होतात, त्याच घराण्याचा के. सी. महिंद्र एज्युकेशन ट्रस्ट परदेशी पदव्युत्तर शिक्षणाला विनाव्याज कर्ज देतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जाबद्दल एकच सांगतो: चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. 2024च्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक उच्च दर्जाच्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार दोन्हीशिवाय कर्ज मिळतं. पण साध्या एम. ए. किंवा एम. एस्सी.साठी कर्ज काढावं का, यावर माझं मत सावध आहे. पहिला पगार किती असेल याचा अंदाज नसताना हप्ता डोक्यावर घेणं कामगाराच्या घराला परवडत नाही.

मग राहतं काम करत शिकणं. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989पासून आहे. शिफ्ट सांभाळून एम. कॉम. किंवा एमबीए करणारी अंबडची माणसं त्याने घडवली. त्या वाटेचा मला आदर आहे. पण रसायनशास्त्राच्या रोजच्या प्रयोगशाळेची सर दूरशिक्षणाला येत नाही, आणि पूर्णवेळ नसल्यामुळे आयोगाची 15,000 रुपयांची शिष्यवृत्तीही नाही. नियमित कॉलेजांतल्या कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालय, कार्यालय, बागेतली कामं तासावर मिळतात. भाऊराव पाटलांच्या नावाने चालणारी ही योजना अजून मुलांना उभं करते, पण तासाचा दर आणि तासांची संख्या बघता ती खर्चाचा एक भागच उचलू शकते.

नव्या धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षी प्रत्यक्ष कामाचा, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंगचा चार श्रेयांकांचा भाग आला आहे. नाशिकच्या एम. एस्सी.च्या मुलांना त्यासाठी अंबड आणि सातपूरहून जवळची जागा कुठली असणार? इथे मला एक शक्यता दिसते. कंपनी कायद्यानुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा पाच कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि शिक्षण त्या यादीत आहे. फक्त आपल्याच कामगारांच्या मुलांसाठी दिलेला पैसा त्यात धरला जात नाही, पण शिष्यवृत्ती सगळ्यांना खुली ठेवली तर धरला जातो. आयमा आणि निमा या दोन उद्योजक संघटनांनी मनावर घेतलं तर नाशिकच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक सामायिक निधी उभा करता येईल. वर्षाला दहा महिने, महिन्याला 8,000 रुपये. अट दक्षिणा फेलोसारखी: आठवड्याला काही तास कंपनीच्या प्रयोगशाळेत काम, किंवा सिडकोच्या कॉलेजात बी. एस्सी.च्या मुलांना शिकवणं.

हिशेब फार मोठा नाही. सरासरी पाच कोटी नफा असलेल्या एका कंपनीचा दोन टक्के वाटा वर्षाला 10 लाख होतो. एका विद्यार्थ्याला वर्षाला 80,000 लागतात. म्हणजे एका मध्यम कंपनीच्या वाट्यातून बारा मुलांचं एक वर्ष निघतं.